लावणी संपल्यानंतर : तमाशापट, सवंगपणा आणि प्रौढ प्रेक्षक

‘स्वस्त’ आणि ‘सवंग’ हे दोन्ही शब्द मुळात बाजारभावाचे. पुढे मराठीने त्यांच्याकडे वेगवेगळी कामे सोपवली. स्वस्त वस्तू कमी पैशांत मिळते. सवंग वस्तू घेणाऱ्याकडून पैशांखेरीज काहीच मागत नाही. चित्रपटांविषयी बोलताना आपण या दोहोंची गल्लत वारंवार करतो. ठरीव साच्यातला, कमी खर्चात उरकलेला चित्रपट तो सवंग आणि गंभीर विषयाचा, महोत्सवांत हिंडून आलेला चित्रपट तो प्रौढांचा, अशी विभागणी परिसंवादांत आणि वर्गांत सहज होऊन जाते. ‘प्रौढ’ या शब्दाची अवस्थाही काही बरी नाही. एकीकडे वामनाने ओज या अर्थगुणाची व्याख्या करताना वापरलेली ‘प्रौढी’ आहे; दुसरीकडे ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी भित्तिपत्रकावरची सूचना आहे, जी वाचून शाळकरी मुले थबकतात. पहिल्या अर्थात परिपक्वता आहे, दुसऱ्यात केवळ वयाचा दाखला. साच्यातला चित्रपट आणि महत्त्वाकांक्षी चित्रपट यांच्यातली सीमारेषा नेमकी कोठे आहे, हे शोधताना या दोन अर्थांमधले अंतर सतत आडवे येते.

या प्रश्नाची मराठीतील सर्वांत अवघड कसोटी म्हणजे तमाशापट. हा आपल्या चित्रपटसृष्टीचा अस्सल देशी साचा. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपट इतर भाषांतही निघाले. फड, पाटील, सोंगाड्या आणि लावणी यांवर उभा राहिलेला चित्रपट मात्र मराठीचाच. त्याला नावे ठेवणे सोपे आहे आणि अलीकडच्या काळात त्याचे गोडवे गाणेही तितकेच सोपे झाले आहे. या दोन्ही सोयी टाळायच्या असतील, तर त्याच्याकडे पाहण्याची जागा नीट निवडावी लागते.

कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातले गाव आहे. आळेफाट्यावरून पुण्याच्या दिशेने वळले की नारायणगाव लागते. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, कोणत्या फडात कोण आहे, यंदाचा वग कोणता, याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. या पट्ट्यातल्या गावकऱ्याच्या दृष्टीने तमाशा म्हणजे केवळ ‘लोककलेचा प्रकार’ नव्हे. तो एक करार आहे. त्यात तारीख असते, रक्कम असते, इसार असतो आणि मोडल्यास भांडणही असते. जत्रेच्या मैदानात तमाशाच्या कनातीपासून थोड्या अंतरावर सिनेमाचा तंबूही लागे. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा हे तंबू जवळजवळ संपत आले होते. परंतु कित्येक दशके एकाच जत्रेत माणसाला फडावरची बाई आणि पडद्यावरची फडातली बाई अशा दोघी पाहता येत होत्या. तमाशापटाचे मोजमाप पुण्या-मुंबईच्या चित्रपटगृहातून करण्यापेक्षा या मैदानातून करणे अधिक न्याय्य आहे. कारण तेथे मूळ वस्तू आणि तिचे चित्र शेजारी शेजारी होते.

प्रथम मूळ वस्तूविषयी. गण, गौळण, बतावणी आणि वग अशी ढोलकीफडाच्या तमाशाची रूढ रचना. गौळणीत आणि बतावणीत द्वयर्थी बोलणे भरपूर. तेवढ्यावरून तमाशा ‘खालच्या दर्जाचा’ ठरवला गेला. पण या द्वयर्थाची अट लक्षात घेतली पाहिजे. तो रात्री, जाणत्या माणसांसमोर, उघडपणे बोलला जातो. सोंगाड्या काय म्हणतो आहे हे समोरच्याला कळते, आणि कळले आहे हे सोंगाड्यालाही कळते. त्यात लपवाछपवी नाही. शिवाय बतावणीनंतर वग येतो आणि वगात राजा, सावकार, पाटील यांची झाडाझडती होते. हसवणूक आणि झडती एकाच रात्रीत, एकाच नटांकडून होते. आधी हसवून मोकळा केलेला प्रेक्षक पुढे सत्तेविषयीचे कडू बोलणे ऐकायला तयार असतो. प्रौढ प्रेक्षकाची ही जुनी, गावरान कल्पना आहे, आणि ती कमअस्सल नाही.

सत्तेला मात्र हे पचले नाही. १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या खटपटीनंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. बंदी उठली, पण संहिता तपासून घेण्याचे बंधन आले. याच्या जेमतेम एक वर्ष आधी, १९४७ मध्ये, शांताराम यांच्या राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ पडद्यावर आला होता. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकर यांची लेखणी, वसंत देसाई यांचे संगीत. चित्रपट गाजला. पडद्यावर तमाशाचा गौरव आणि फडावर तमाशाला बंदी, असा हा योग. पडद्यावरचा नायक कीर्तनाची परंपरा असलेल्या ब्राह्मण घरातून तमाशाकडे वळलेला कवी होता. बंदी ज्यांच्या पोटावर आली ते फडकरी बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. तमाशापटाचा जन्मच या विसंगतीत झाला आहे. तमाशा पाहावा, पण तमाशातली माणसे पाहू नयेत, हा त्या काळच्या अभिरुचीने काढलेला तोडगा होता, आणि चित्रपटाने तो अनेक वर्षे इमानाने पाळला.

साचा पक्का झाला तो अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मुळे. १९५९ साली आलेला हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. पटकथा व्यंकटेश माडगूळकर यांची, संगीत वसंत पवार यांचे; हंसा वाडकर यांच्याबरोबर जयश्री गडकर यांचे नाव घरोघरी पोहोचले ते येथून. पाटलाच्या अत्याचारातून सुरू झालेली कथा फडात वाढलेल्या मुलीपर्यंत येते आणि अखेर त्या अत्याचाराची हकिगत फडावरूनच गावासमोर मांडली जाते. यात वगाची मूळ वृत्ती शाबूत आहे. गावाला न्यायासनासमोर नव्हे, तर तमाशासमोर बसवून सत्य ऐकवायचे, ही कल्पना साधी नाही. शीर्षकातले क्रियापदच पाहा. बोलणारी स्त्री आहे आणि ऐकण्याचा हुकूम गावाला आहे. साच्याचा आरंभ असा महत्त्वाकांक्षी होता, हे विसरता कामा नये. ‘साच्यातला’ म्हणजे आपोआप ‘सवंग’ असे समीकरण येथेच मोडते.

यशस्वी चित्रपटाची नक्कल होते तेव्हा त्यातले काय उचलले जाते आणि काय गाळले जाते, यावरून सवंगपणाची व्याख्या करता येईल. पुढच्या दीड-दोन दशकांत निघालेल्या तमाशापटांनी लावणी उचलली, पाटील उचलला, सोंगाड्या उचलला, पाणवठा आणि बैलगाडी उचलली. ऐकण्याचा हुकूम तेवढा गाळला. नायिका फडात असली तरी ती जन्माने घरंदाज निघे, किंवा शेवटी लग्न होऊन घरंदाज होई. फडातच राहून, फडाच्या उत्पन्नावर जगून, म्हातारी होणारी नायिका साच्याला चालत नसे. लावणी झाली की प्रसंग तोडायचा, ही संकलनाची सवय बनली. शिट्ट्यांच्या आवाजात दृश्य संपे आणि पुढचे दृश्य वाड्यावर किंवा शेतावर उघडे. घुंगरू सोडून बसलेली बाई, बिदागीची वाटणी, कर्जाने घेतलेली उचल, रात्रीतून पुढच्या गावाला निघालेला ट्रक, हे सारे त्या कापलेल्या फुटेजात गेले. कमी खर्च हे याचे कारण नव्हे. राहुटीतला प्रसंग लावणीच्या प्रसंगापेक्षा स्वस्तच पडला असता.

येथे एक वेगळा मुद्दा येतो, तो प्रमाणपत्राचा. भारतात १९४९ च्या दुरुस्तीने चित्रपटांची ‘यू’ आणि ‘ए’ अशी विभागणी झाली आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने ती पक्की केली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुपटावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. पण त्याच निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कामविषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही बजावले. म्हणजे कायद्याच्या पातळीवर तरी प्रौढ विषयाला वाट मोकळी होती. व्यवहारात काय झाले? सर्वांना खुले प्रमाणपत्र मिळाले तर कुटुंबे येणार, धंदा होणार; ‘ए’ मिळाले तर प्रेक्षक अर्धे. त्यामुळे जे बोलायचे ते बोललेच नाही असे दाखवत बोलण्याची कला वाढीस लागली.

दादा कोंडके हे या कलेचे सर्वांत हुशार कारागीर. त्यांना एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. १९७१ चा ‘सोंगाड्या’ वसंत सबनीस यांच्या कथेवरचा, गोविंद कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला. भाबड्या नाम्याला तमाशाचे वेड लागते आणि आई त्याला घराबाहेर काढते. त्यात तमाशाविषयी खरी ओढ आहे आणि गावाच्या दांभिकपणावर बोट आहे. नाम्या फडात शिरतो तेव्हा प्रेक्षकही त्याच्या बरोबरीने वेंधळेपणाने शिरतो. पुढच्या चित्रपटांत ही वेंधळी निरागसता हळूहळू क्लृप्ती बनत गेली. शीर्षकापासूनच दुहेरी अर्थ, आणि तपासणी मंडळासमोर साळसूदपणे पहिल्याच अर्थाचा दावा. बतावणीतला द्वयर्थ आणि हा द्वयर्थ ऐकायला सारखे वाटतात. पण पहिला प्रेक्षकाला जाणता समजून बोलला जातो, दुसरा तपासनिसाला चकवण्यासाठी. बतावणीनंतर येणारा वग येथे येत नाही. उरते ती नुसती बतावणी. सवंगपणा शब्दांत नव्हता, तर शब्दांनंतर जे यायचे ते न येण्यात होता. आणि तरीही कोंडके यांच्या चित्रपटगृहातला तो मोकळा, घामेजलेला, गिरणगावातला आणि गावाकडचा प्रेक्षक मराठी चित्रपटाला पुन्हा तितक्या संख्येने क्वचितच मिळाला, हेही नोंदवले पाहिजे.

‘प्रौढ’ या शिक्क्याचे असे अवमूल्यन केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत १९६८ साली नवी वर्गवारी आली तेव्हा ‘एक्स’ हे अक्षर गंभीर चित्रपटांनाही मिळत होते. ‘मिडनाइट काउबॉय’ने ते अक्षर घेऊन सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. मात्र त्या अक्षरावर कोणाची मालकी नसल्याने कामोत्तेजक चित्रपटांच्या धंद्याने ते जाहिरातीसाठी पळवले, आणि १९९० मध्ये गंभीर प्रौढ चित्रपटांसाठी वेगळे नाव शोधावे लागले. प्रमाणपत्र प्रेक्षकाचे वय सांगते. त्या वयाच्या माणसाशी चित्रपट कसा बोलतो, हे प्रमाणपत्राला सांगता येत नाही.

मग महत्त्वाकांक्षी तमाशापट कोणता? बहुतेक वाचकांच्या ओठांवर ‘पिंजरा’ येईल. शांताराम यांचा १९७२ चा हा चित्रपट; कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटील यांचे, संगीत राम कदम यांचे; श्रीराम लागू, संध्या आणि निळू फुले. गावातून तमाशाला हाकलणारे आदर्शवादी गुरुजी चंद्रकलेच्या मोहात सापडतात, गाव त्यांचा खून झाला असे समजून पुतळा उभारते, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून ते शिक्षा पत्करतात. रचना भक्कम आहे, लागूंचा अभिनय आजही अंगावर येतो. या कथेचे मूळ योजेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटात आणि त्याहीमागे हाइन्रिश मान यांच्या १९०५ च्या कादंबरीत आहे. पण मान यांचा शिक्षक आदर्शवादी नाही. तो वर्गातला क्षुद्र जुलमी आहे, आणि कादंबरीचा रोख त्या जुलमी शिस्तीवर आहे. मराठी चित्रपटाने शिक्षकाला निष्कलंक केले. त्याबरोबर कथेचा सगळा भारच दुसऱ्या पारड्यात गेला. शिक्षक जर निर्दोष असेल तर दोष कोणाचा? फडाचा आणि बाईचा. खरे काय ते चंद्रकलेला ठाऊक असते, पण ते गावापर्यंत पोहोचत नाही. पुतळा उभाच राहतो. ‘सांगत्ये ऐका’मध्ये फडावरून गावाला सत्य ऐकावे लागले होते, तेरा वर्षांनंतर अधिक खर्चिक, अधिक सफाईदार आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटात गाव असत्याच्या पायाशी हार घालत राहते आणि चित्रपट ते उदात्त मानतो. महत्त्वाकांक्षा येथे निर्विवाद आहे. प्रौढपण मात्र निम्मेच आहे. कारण पतन झाल्यानंतर गुरुजींचे काय झाले हे आपल्याला दिसते, फडाचे काय झाले हे दिसत नाही.

तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, जब्बार पटेल यांचा ‘सामना’ बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकर यांचे लेखन. हा तमाशापट नव्हे. पण तमाशापटाचा पाटील येथे साखर कारखान्याचा सर्वेसर्वा होऊन आला आहे आणि त्याला निळू फुले यांनीच साकारले आहे, हे महत्त्वाचे. साच्यातला खलनायक आणि हा हिंदुराव यांत फरक एवढाच की साच्यातल्या खलनायकाच्या सत्तेचा उगम विचारला जात नाही. तो पाटील असतो म्हणून दुष्ट असतो. हिंदुरावाच्या सत्तेमागे ऊस, कर्ज, मते आणि उपकार यांची साखळी आहे, आणि एका गायब माणसाविषयीचा साधा प्रश्न ती साखळी कडीकडीने उलगडतो. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यातल्या प्रेक्षकाला हे जग समजावून सांगावे लागत नव्हते. ते पडद्यावर प्रथमच त्याच्या माहितीएवढे गुंतागुंतीचे दिसले. प्रौढ चित्रपट प्रेक्षकाला नवी माहिती देतोच असे नाही. त्याला जे ठाऊक आहे ते तो लहान करत नाही.

तमाशापटाच्या इतिहासातला सर्वांत बोलका टप्पा मात्र एका पुस्तकातून आला. हंसा वाडकर यांचे आत्मकथन १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दांकन अरुण साधू यांचे. शीर्षक त्यांनी आपल्याच गाजलेल्या चित्रपटाचे घेतले. चित्रपटात फडावरच्या बाईने गावाला ऐकवले होते. पुस्तकात ती भूमिका करणाऱ्या नटीने प्रेक्षकांना ऐकवले. लहान वयात कामाला लागणे, घरच्यांनी तिच्या कमाईवर जगणे, संसाराची ओढ आणि संसारात होणारी कोंडी, दारू, फसवणूक, हे सारे त्यात विलक्षण अलिप्तपणे येते. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच चित्रीकरणातले लावणीवजा नृत्य आहे. ते मध्येच थांबते, आणि आपण त्या नटीबरोबर तिच्या घरी जातो. तमाशापट जेथे कात्री लावत असे, नेमक्या त्याच जागेवरून ‘भूमिका’ सुरू होतो. ज्या प्रश्नाने आपण निघालो त्याचे उत्तर मला या एका जोडकामात सापडते. दोन्हीकडे लावणी आहे, दोन्हीकडे बाई आहे, दोन्हीकडे पाहणारे पुरुष आहेत. एकीकडे लावणीनंतर काही नाही. दुसरीकडे लावणीनंतरच सगळे आहे.

याच कसोटीवर पुढचे प्रयत्न पाहता येतील. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक होता विदूषक’ (१९९२) सोंगाड्याच्या वाट्याला आलेल्या ‘नंतर’चा चित्रपट आहे. तमाशातला आबुराव चित्रपटात जातो, राजकारणाच्या वळचणीला लागतो, आणि ज्याच्या हसवण्यावर सारे उभे आहे त्याला स्वतःच्या मुलीला हसवता येत नाही. विनोदाचा राजा म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांनाच ही भूमिका देणे, हा प्रेक्षकाला विचारलेला प्रश्नच होता. चित्रपट फारसा चालला नाही. आनंद यादव यांच्या १९७८ च्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी केलेला ‘नटरंग’ (२०१०) मात्र तुफान चालला. पैलवानी शरीराचा शेतमजूर गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. बायकी सोंग काढणाऱ्या पुरुषाकडे गाव ज्या नजरेने पाहते ती नजर अखेर त्याच्या शरीरावर हिंसा होऊन कोसळते. मराठी व्यावसायिक चित्रपटाने हे दाखवणे मोठे धाडस होते. तरीही शेवटी पुरस्कार सोहळा आहे आणि सभागृहात टाळ्या आहेत. हिंसेनंतरची सारी वर्षे त्या टाळ्यांत बुडतात. प्रेक्षक समाधानाने उठतो. आपण त्या नजरेत सामील होतो का, हा विचार त्याला करावा लागत नाही. महत्त्वाकांक्षी चित्रपटाचा हा खास दोष आहे. साच्यातला चित्रपट शिट्टीवर प्रसंग तोडतो, महत्त्वाकांक्षी चित्रपट टाळीवर. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाची सुटका होते.

आता पुन्हा नारायणगावकडे येऊ. कारण ही कसोटी एका खऱ्या घटनेवर पारखून पाहता येते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या तमाशाचा वारसा पुढे नेणाऱ्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. त्यांच्याविषयीची एक हकिगत सर्वतोमुखी आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. ही घटना तीन प्रकारे सांगता येईल. साचा ती सांगणारच नाही. त्याच्या नायिकेला मूल लग्नानंतर, शेवटच्या दृश्यात होते. गौरवपर चित्रपट विठाबाई परत रंगमंचावर येतात त्या क्षणी थांबेल, संगीत उंचावेल, आणि कलानिष्ठेचा विजय झाला असे आपण मानू. प्रौढ चित्रपट त्या क्षणानंतर सुरू होईल. दिवस भरलेली बाई त्या रात्री फडावर का होती, असे तो विचारेल. सुपारी मोडली तर किती भरावे लागले असते, फडातल्या किती जणांची चूल त्या एका बाईच्या उभे राहण्यावर पेटत होती, समोरच्या गर्दीला तिच्या अवस्थेची कल्पना होती का आणि असूनही ती गर्दी बसून राहिली का, हे त्याचे प्रश्न असतील. राष्ट्रपतिसन्मान मिळालेल्या कलावतीला उतारवयात पैशांची ओढाताण का सोसावी लागली, हा त्याचा शेवटचा अंक असेल. आज राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्या पुरस्काराचे मोल कमी न करता असे म्हणता येते, की पुरस्कार हाही प्रसंग तोडण्याचा एक प्रतिष्ठित प्रकार आहे.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. ‘प्रौढ’ आणि ‘सवंग’ हे निवाडे करणारे आपण कोण? शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांवर ‘अश्लील’ हा शिक्का कसा बसवला गेला आणि त्या शिक्क्याच्या आधारे ‘अस्सल’ मराठीपणाची उभारणी कशी झाली, हे तपशिलाने दाखवले आहे. पठ्ठे बापूराव यांचे नाव साहित्याच्या इतिहासात ठळक आहे. त्यांच्या लावण्या जिच्या गळ्यातून आणि पायांतून लोकांपर्यंत पोहोचल्या ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा येथील पवळा मात्र तळटीपेत राहते. जुन्नरहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की तिचे गाव दूर नाही. तेव्हा अभिरुचीचा निवाडा हा बऱ्याचदा जातीचा आणि वर्गाचा निवाडा असतो, हे मान्यच केले पाहिजे. ‘तमाशापट म्हणजे सवंग’ असे म्हणणाऱ्या अनेकांना तमाशाचीच लाज वाटत होती.

पण या मान्यतेवरून सगळे चित्रपट सारखेच, असा निष्कर्ष काढणे ही आणखी एक पळवाट आहे. उलट, अभिरुचीचा जुना निवाडा बाजूला सारला की खरा निवाडा करणे शक्य होते. अंगप्रदर्शन किती, शिव्या किती, गाणी किती, निर्मितीखर्च किती, हे प्रश्न गैरलागू ठरतात. चित्रपट ज्यांच्या जगण्यावर उभा आहे त्यांच्या जगण्याचा उरलेला भाग तो पाहू देतो का, आणि पाहणाऱ्याला त्या व्यवहारातला एक पक्ष म्हणून बसवतो का, हे दोन प्रश्न उरतात. या प्रश्नांपुढे ‘सोंगाड्या’ला ‘पिंजरा’पेक्षा एखाद्या जागी अधिक गुण मिळतील, आणि ‘सांगत्ये ऐका’च्या अखेरीला कित्येक पुरस्कारप्राप्त चित्रपटांपेक्षा अधिक मिळतील. यात धक्का बसण्यासारखे काही नाही. साहित्याच्या वर्गात हे चित्रपट शिकवताना त्यांची ‘लोकप्रिय’ आणि ‘कलात्मक’ अशा दोन रकान्यांत मांडणी करण्याऐवजी प्रत्येकातला कापलेला प्रसंग कोणता, असे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. उत्तरे अधिक नेमकी येतात, कारण ती चित्रपटातून शोधावी लागतात.

चित्रपटाने तमाशाकडून जे घेतले ते परत कसे केले, हेही या हिशेबात धरायला हवे. आज फडांवर वगाचा वेळ आक्रसला आहे आणि रंगबाजीच्या नावाखाली चित्रपटातली गाणी वाजतात. कारभारीच तशी मागणी करतात, कारण मैदानातल्या तरुणांनी लावणी ओळखली ती पडद्यावरून. फडातली मुलगी आता पडद्यावरच्या नटीच्या लावणीची नक्कल करते, आणि ती नटी फडातल्याच कोणा बाईची नक्कल करत होती. या फेऱ्यात गळून पडला तो वग, म्हणजे हसवून झाल्यावर सांगायची गोष्ट. चैत्र-वैशाखात नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरत राहतात, पिंपरी पेंढारसारख्या गावांच्या वाटांवरून फडांचे ट्रक जात राहतात. त्या ट्रकमध्ये बसून पुढच्या गावापर्यंत जाणारा मराठी चित्रपट अजून फार थोड्यांनी केला आहे.